दुसऱ्याची ओ

"पुष्पाऽ!" अशी हाक जिन्याखालून आली तेव्हा पुष्पावतीच्या हातात सांडशीत धरलेलं दुधाचं पातेलं होतं. ते ओट्यावर टेकवून ती ओ देणार, तोंड उघडलंसुद्धा होतं, तेवढ्यात खालून तोच आवाज पुढं म्हणाला, "हो हो, येतीय म्हणाली. सुकन्याला तीच समजावील. बाईचं बाईला कळतं. तुम्ही घोर सोडा साहेब, झालं म्हणून समजा." गहिनीनाथ फोनवर होता. हाक त्यानंच मारली आणि ओसुद्धा त्यानंच देऊन टाकली. तिची ओ घशातल्या घशात राहिली. एवढंच झालं. दुधावर साय धरत होती, बाहेर सावेडीच्या रस्त्यावर शाळेच्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, भाजीवाली गेटाशी ओरडत होती, सगळं रोजच्यासारखं. पण पुष्पावतीच्या कानशिलात काहीतरी तडकन गेलं. तिनं गॅस बंद केला. मग पुन्हा चालू केला. कशासाठी चालू केला ते तिलाच कळेना. आपल्याला एवढा राग कशाचा आला हेही कळेना. नवऱ्यानं बायकोच्या वतीनं 'येतीय' म्हणणं यात काय एवढं? बाराही महिने म्हणतो. सत्काराला येतीय, हळदीकुंकवाला येतीय, महिला मेळाव्याला येतीय. आमदाराची बायको. कोण विचारत बसतं तिला? पण आज ते लागलं, खडीचा बारीक कण डोळ्यात जावा तसं, आणि डोळा चोळला की आणखीच सलायला लागलं.

कारण काल आदिनाथचा जीव गेला होता. करंजीचा घाट उतरून पुढं गेलं की म्हसोबाचा माळ लागतो, त्या माळावरच्या दगडखाणीत, दिवस मावळताना. बनुबाईचा एकुलता एक. आणि बनुबाई म्हणजे कोण, तर पुष्पावतीच्या जोडीला बसून खडी फोडलेली बाई, एका भाकरीचे दोन तुकडे करून खाल्लेली बाई. बातमी कळली तेव्हा पुष्पावती देवापुढं दिवा लावत होती. गहिनीनाथ दारात उभा राहून म्हणाला, "बनूचा आदिनाथ गेला. पाय घसरून पडला काठावरनं." आणि चष्मा काढून त्यानं डोळे पुसले. खरंच पुसले. रडू त्याला आजही खरंच येतं, हीच तर पंचाईत आहे! ढोंग असतं तर ओळखता तरी आलं असतं.

गाडीत ती मागं त्याच्या शेजारी बसली. पुढं सूर्यभान, गाडी चालवायला. तोही माळावरचाच, एकेकाळी खाणीतला. भिंगार मागं पडलं, डावीकडं डोंगरावर चांदबिबीचा महाल उन्हात उभा होता, आणि गहिनीनाथ एकामागून एक फोन घेत होता. मुंबईहून कुणीतरी सांगत होतं की नाव यादीत आहे, फक्त दोन-चार दिवस काही भानगड होऊ देऊ नका. आवाज एवढा मोठा की पुष्पावतीला सगळं ऐकू येत होतं. फोन संपल्यावर तिनं विचारलं, "मी सुकन्याला काय समजवायचं हाय?"

"समजवायचं काय त्यात? तिला धीर द्यायचा. फौजदार येणार हाय माळावर. त्याच्यापुढं तिनं एवढंच म्हणायचं, की माझी कुणाविरुद्ध तक्रार न्हाई. मग लगेच अग्नी देऊन टाकू. उन्हाच्या आत."

"काठावर कशाला गेला हुता तो, दिवस मावळताना?"

"गेला असंल. थोडी घेतली असंल."

"कुणी? आदिनाथनं?" तिचा आवाज चढला तसं सूर्यभाननं आरशातून बघितलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली. "अवो, चहाला शिवत न्हवता तो. मढीच्या नाथाची शपथ घातल्याली बनूनं त्याला, बाप दारूत गेला म्हणून."

"मेलेल्या माणसाला काय फरक पडतोय पुष्पा? जित्यांचं बघावं लागतं. उद्या संस्थेवर गुन्हा दाखल झाला, की खाणीला कुलूप. मग ही माणसं पुन्हा कोयते घेऊन उसाला निघाली, बायकापोरांसकट, राहात्यापासनं पार कुठं कुठं. पाचटाच्या खोपीत बाळंतपणं. ते पाहिजे का तुला?" तो थांबला, आणि मग भाषणात थांबून बोलतो तसंच बोलला, "आणि तक्रार करायची कुणावर? खाण कुणाची? कामगारांच्या सहकारी संस्थेची. सभासद तेच, मालक तेच. माणूस स्वतःच्याच अंगावर केस घालतो का कुठं?"

"आणि तुमचं मंत्रिपद?"

तो बाहेर बघत राहिला. "तेबी हाय," म्हणाला. "तुझ्यापाशी खोटं कशाला बोलू."

तिला वाटलं, खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. ह्या माणसाला शिव्या द्यायला जागाच सापडत नाही, बोलायला लागला की प्रत्येक शब्द अर्धा खरा. खाण खरंच त्यानं मिळवून दिली होती. ठेकेदाराच्या तावडीतून सोडवली, कामगारांची संस्था काढली, जिचा चेअरमन आजही तोच होता, नगरच्या कलेक्टर कचेरीपुढं उपोषणाला बसला तेव्हा बरगड्या दिसायला लागल्या होत्या त्याच्या, आणि माळावरच्या बायका डोक्यावर खडीच्या पाट्या घेऊन पाथर्डीपासून चालत नगरला आल्या होत्या. त्या मोर्चात पुष्पावती सगळ्यात पुढं होती. पाय सुजले होते. तेव्हा कुणी तिच्या वतीनं 'येतीय' म्हटलं नव्हतं. तिची ती आली होती.

आणि त्याच्याही आधी भीमा होता. पुष्पावतीचा थोरला भाऊ. कुरळ्या केसांचा, गप्प माणूस, घण मारताना फक्त हुंकार द्यायचा. त्या काळी खाणीत सुरुंगाचा बार उडवायचा म्हणजे रीत अशी, की मुकादम वरून एकदा ओरडायचा, "समदे वर आले का रं?" आणि कुणीतरी एकजण, जो जवळ असेल तो, म्हणायचा, "आले समदे!" की वात पेटली. त्या दिवशी कुणीतरी असंच म्हणालं. कुणी म्हणालं ते आजतागायत कळलेलं नाही, कुणी वाईट मनानं म्हटलंही नसेल. दिवसभर राबून जीव आंबलेला असतो, घरी जायची घाई असते, माणूस म्हणून टाकतो. भीमा खाली होता. विसरलेली पहार आणायला परत गेला होता, कारण पहार हरवली तर मुकादम त्याच्या नावावर लावायचा. धूळ खाली बसल्यावर त्याला काढलं, तेव्हा पुष्पावती काठावर उभी होती आणि तिच्या घशातून आवाज निघत नव्हता. ती, जिचा आवाज पलीकडच्या टेकडीवरची गुरं वळवायचा!

दुसऱ्या दिवशी बार उडवायच्या वेळेला नवाच एक पोरगा, छिद्रं मारणारा, हडकुळा, मळका पटका बांधलेला, जाऊन दारू ठासलेल्या छिद्रांवर बसला. ढुंगण टेकून. मुकादम शिव्या द्यायला लागला तर म्हणाला, "पेटवा. माझ्यासकट पेटवा. न्हाईतर एकेकाचं नाव घ्या. ज्याचं नाव त्यानंच ओ द्यायची. दुसऱ्याची ओ कुणी द्यायची न्हाई. दुसऱ्याची ओ देणं म्हंजी त्याचा मुडदा पाडणं." गहिनीनाथ म्हणतात तो हा. पुष्पावतीनं त्या दिवशी त्याला पहिल्यांदा नीट बघितलं. सगळी खाण उन्हात थिजून उभी होती, आणि हा छिद्रांवर मांडी घालून बसलेला, ओठ कोरडे, डोळ्यांत मरणाची भीती. भीत होता तो! सगळे म्हणतात वाघासारखा बसला होता. कसला वाघ, गुडघे थडथडत होते. भीत असूनही उठत नव्हता, म्हणून तर तिचा जीव जडला.

त्या दिवसापासून म्हसोबाच्या माळावर हाळी सुरू झाली. आवाज मोठा म्हणून हाळी द्यायचं काम पुष्पावतीकडं आलं. खाणीच्या तोंडाशी दगडाची एक उंच फाडी होती, काळी कुळकुळीत, तिच्यावर चढायचं आणि एकेक नाव घ्यायचं. ज्याची ओ आली तो सुटला. नाही आली तर आणखी दोनदा हाक, अशा तीन. तिसरीलाही ओ आली नाही की सगळ्यांनी आहे तिथं खाली बसायचं. ना बार, ना घण, ना घरी जाणं. तो माणूस जित्याचा जिता दिसेपर्यंत किंवा त्याचं काय झालं ते कळेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. कितीदा तरी एखादा नुसता झाडामागं बसलेला असायचा, आणि सगळी खाण त्याच्यासाठी मांडी घालून बसलेली. हसून हसून पुरेवाट व्हायची. पण बसायचे. त्या बसण्यातनंच पुढं युनियन झाली. पुस्तकं वाचून झाली नाही.

लग्न झाल्यावर मोठीच अडचण झाली. बाईमाणसानं नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? आणि हाळीत तर नाव घेणं भाग. पहिल्या दिवशी ती फाडीवर उभी राहिली आणि गहिनीनाथच्या नावापाशी येऊन अडली. खाली बनुबाई ओरडली, "घे की गं! लाजती काय? न घेता उडवायचा का त्याला?" सगळ्या बायका पोट धरून हसल्या. मग तिनं डोळे मिटून नाव घेतलं, आणि खालून, खाणीच्या पार तळातून, त्याची ओ आली. किती लांबलचक, किती खुशीत! घरात तिनं त्याला आजवर 'अवो' शिवाय हाक मारलेली नाही. नाव घेतलं ते फक्त फाडीवरून, रोज, वर्षानुवर्षं. आज गाडीच्या काचेला डोकं टेकून तिला ती ओ आठवली आणि संताप आला. शेजारी बसलेला, अत्तर लावलेला, मांडीवर दोन फोन ठेवलेला हा माणूस ती ओ कुठं टाकून आला?

आणि आदिनाथ. बनुबाईची झोळी बाभळीला बांधलेली असायची. झोळीतल्या लेकरांची ओ मात्र आईनं द्यायची, एवढीच काय ती मुभा. "झोळीतलं एक!" असं बनुबाई ओरडायची. तिला बाळंतपणानंतर हिवताप झाला तेव्हा सगळा पावसाळा ती झोळी पुष्पावतीनंच सांभाळली, फाडीवर चढताना पोराला कडेवर घेऊन चढायची. पुढं एके दिवशी पोरगं चालायला लागलेलं, नाकातून शेंबूड, कमरेला करदोडा. बनुबाईनं "झोळीतलं एक" म्हणायच्या आत हे पाय आपटून ओरडलं, "ओऽ!" आपलं आपण. सगळी खाण हसली. गहिनीनाथ धावत आला, त्यानं पोराला खांद्यावर उचललं आणि नाचला, धुळीत, पटका सुटेपर्यंत. "झाला रं, सभासद झाला! आता ह्याची ओ कुणी देऊ नका!" असं तो म्हणाला होता. त्याच तोंडानं तो आता म्हणतो, थोडी घेतली असंल.

घाट सुरू झाला. वळणावर समोरून खडीनं भरलेल्या गाड्या येत होत्या, एकामागं एक, सगळ्या संस्थेच्याच खाणीतल्या. पुढं कुठंतरी मोठा रस्ता होतोय, त्याला रात्रंदिवस खडी लागते. पुष्पावतीला राजकारण कळत नाही असं गहिनीनाथचे लोक मानतात. तिला सगळं कळतं. झेडपीला उभा राहिला तेव्हा गावोगाव सभेत तो हाळी द्यायचा, गावाचं नाव घ्यायचा आणि सगळं गाव ओ द्यायचं. अंगावर काटा यायचा, खोटं नाही. मग आमदारकीला कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की वहिनींचा आवाज भरून घ्या. नगरला एका खोलीत, गाद्या लावलेल्या भिंतींच्या आत, तिच्याकडून सगळ्या गावांची नावं म्हणवून घेतली. टेम्पोवर भोंगे बांधले आणि तो आवाज पाथर्डीपासून शेवगावपर्यंत फिरला. ती स्वतः घरात भाकरी थापत असायची आणि बाहेर रस्त्यावरून तिचाच आवाज हाळी देत जायचा. पुढं ओसुद्धा त्याच टेम्पोत भरलेली होती, शेकडो माणसांची ओ, कुठून तरी आणून जोडलेली. माणसांनी ओ द्यायची गरजच उरली नाही. तिनं एकदा म्हटलंही, "अवो, ह्याच्यात माणूस कुठं हाय?" तर तो हसला. लई लाडानं हसला. म्हणाला, "पुष्पा, काळ बदलला."

काळ बदलला म्हणूनच मग खाणीत भोंगा आला. हाळीला वेळ जातो, गाड्या खोळंबतात, रस्त्याचा ठेकेदार बोंबलतो. बार उडवायच्या आधी इशारा द्यायला विजेवरचा भोंगा, बटण दाबलं की पंचक्रोशीत ऐकू येईल असा. त्याच्या उद्‌घाटनाचा नारळ तिच्याच हातून फोडून घेतला होता, टाळ्याही वाजल्या होत्या. बनुबाईनं वाजवल्या नव्हत्या. बनुबाई लांब उभी राहून फाडीकडं बघत होती, आणि पुष्पावती तिच्याकडं बघायचं टाळत होती.

माळावर गाडी थांबली तेव्हा लिंबाखाली आदिनाथ होता. दवाखान्यातून आणलेला, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, तोंड तेवढं उघडं. पुष्पावती जवळ गेली. तोंडावर खरचटलेलंही नव्हतं, फक्त कानाच्या पाळीत दगडाची भुकटी अडकली होती, धुऊनही न निघालेली. तिनं ती नखानं काढली. मग उठून घरात गेली. पत्र्याचं घर, आत अंधार, कोपऱ्यात बनुबाई भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून सुकन्या. सुकन्याचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, हातात अजून हिरवा चुडा होता, कुणी काढायचा धीर केला नव्हता.

बनुबाईनं वर बघितलं. "आलीस," म्हणाली. "तुला पाठवनार हे म्या सुकन्याला सांगितलं हुतं. सांग बाई, काय सांगायचं ते. गहिनीतात्याचा निरोप सांग."

पुष्पावती खाली बसली. सुकन्या उठून बसली आणि रडून बसलेल्या आवाजात, सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं बोलली, "अक्का, भोंगा वाजलाच न्हाई. लाईट गेल्ती. दुपारपासनं लाईट न्हवती माळावर. हे खाली कॉम्प्रेसरचा पाइप सोडवत हुते. बार उडवायची पेटी बॅटरीवरची, ती चालली. भोंगा लाइटीवरचा, तो न्हाई वाजला. वर गाड्या हुब्या हुत्या. भागवतभावजींनी पेटीचं बटण दाबलं."

"हे कुणाकुणाला ठावं हाय?"

"समद्या माळाला," बनुबाई म्हणाली. "भागवत कालच रडत आला हुता हितं, पाय धरायला. त्यानं पयला फोन तात्याला केला. तात्या म्हनला, कुनापाशी बोलू नगस, म्या बघतो."

पहिला फोन तात्याला. म्हणजे दारात उभा राहून डोळे पुसत होता तेव्हा त्याला माहीत होतं! लाईट नव्हती, भोंगा वाजला नाही, कुणी नाव घेतलं नाही, कुणी ओ मागितली नाही, हे सगळं माहीत असून तो रडत होता. आणि सकाळी चहा पिऊन, अत्तर लावून, तिच्या नावाची ओ देऊन मोकळा झाला होता. तिला वाटलं, ह्या माणसाला आत्ता समोर धरावं आणि विचारावं, त्या छिद्रांवर कोण बसलं होतं रे? तू का दुसरं कुणी? आदिनाथला दारुडा ठरवताना जीभ झडली कशी नाही तुझी? पण बाहेरून माइक ठोकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ गहिनीनाथचा गळा.

संस्थेच्या टेम्पोवरचा कर्णा सुरू केला होता. फौजदार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, तरुण माणूस, घामेजलेला, सारखा घड्याळ बघणारा. माळावरची माणसं उन्हात उभी होती, बायका एका अंगाला. गहिनीनाथ बोलत होता आणि रडत होता. "आदिनाथ माझं लेकरू. ह्या खांद्यावर नाचवलाय म्या त्याला. ह्या संस्थेचं लेकरू. त्याची बायको उघडी पडू देनार न्हाई. आश्रमशाळेत स्वयंपाकाला लावतो तिला, आजपासनं ती माझी लेक." बायांनी सुकन्याला धरून आणलं आणि पुढं बसवलं. बनुबाई तिच्यामागं बसली. गहिनीनाथनं डोळे पुसले, फौजदाराकडं बघून मान हलवली आणि मग जुन्या रिवाजानं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं अशा थाटात, त्यानं हाक मारली.

"सुकन्या आदिनाऽथ! पोरी, ओ दे. तुझी कुणाविरुद्ध तक्रार न्हाई ना?"

सुकन्या खाली बघत राहिली. बांगड्यांवरून बोट फिरवत होती.

"सुकन्याऽ!"

काही नाही. माळावर वारं होतं, कर्ण्यात घुसून ते घोंगावत होतं. गहिनीनाथ फौजदाराकडं वळून कनवाळू हसला. "दुःखात हाय साहेब पोरगी. दातखीळ बसलीय. आमच्या मंडळी हायत ना, आत्ताच बोलून आल्यात तिच्यासंगं. पुष्पा, ये. तिची ओ तू दे."

हे ऐकलं आणि बायकांच्या रांगेतली म्हातारी डोकी एकदम वर झाली. पुष्पावतीनं ते बघितलं. ती पुढं गेली. गहिनीनाथनं माइक तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, वळून फौजदाराच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, आणि चालायला लागली. खाणीच्या तोंडाकडं. फाडी होती तिथंच होती, एका कडेनं फुटलेली. चढताना तिची चप्पल घसरली तेव्हा तिनं दोन्ही चपला काढून खाली टाकल्या. भारी साडीचा काठ दगडाला अडकून टरकन फाटला. फाटू दे मेला! वर उभी राहिली तेव्हा गुडघे थडथडत होते. आवाज निघेल का, हीसुद्धा खात्री नव्हती. गाद्या लावलेल्या खोलीत नावं म्हटल्यानंतर तिनं मोठ्यानं हाक कुणालाच मारलेली नव्हती.

"बनूऽऽ!"

आवाज निघाला. चिरका, म्हातारा, पण पलीकडच्या टेकडीला जाऊन भिडला.

"ओऽ!" बनुबाईनं बसल्या जागेवरून दिली. तिची तिनं.

"सूर्यभाऽन!" गाडीपाशी उभा असलेला सूर्यभान क्षणभर चाचरला, मालकाकडं बघितलं, आणि मग टोपी काढून म्हणाला, "ओ!" एकेक नाव, एकेक ओ. तिला नवी पोरं ठाऊक नव्हती, तर बनुबाई खालून नाव सांगायची आणि ती वरून घ्यायची. "भागवऽत!" गर्दीच्या मागं कुठंतरी तोंड लपवून उभा होता तो. त्याची ओ आली, रडकी, पण आली. फौजदार खुर्चीवरून उठला होता. गहिनीनाथ हात वर करून काहीतरी म्हणत होता, पण माइक त्याच्या हातात नव्हता.

"सुकन्याऽऽ!"

"ओ," सुकन्या म्हणाली. कुणीही न सांगता.

"आदिनाऽऽथ!"

लिंबाखाली पांढरं कापड वाऱ्यानं हललं. "आदिनाऽऽथ!" बनुबाईनं पदर तोंडात कोंबला. "आदिनाऽऽथ!" तिसऱ्या हाकेनंतर पुष्पावती थांबली. आणि माळावरची माणसं खाली बसली. आधी म्हाताऱ्या, मग बाप्ये, मग काल-परवा कामाला लागलेली पोरं. खडीच्या ढिगांवर, धुळीत, गाड्यांच्या सावलीत. खडी फोडायचा क्रशर कुणीतरी बंद केला. खडीसाठी उभ्या असलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर खाली उतरून बघायला लागले.

"हे काय चाललंय?" फौजदार म्हणाला.

सुकन्या बसूनच बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "साहेब, लिवून घ्या. माझा मानूस पिऊन पडला न्हाई. लाईट न्हवती. भोंगा वाजला न्हाई. माझी तक्रार हाय. संस्थेच्या चेअरमनवर हाय."

फौजदारानं गहिनीनाथकडं बघितलं. गहिनीनाथनं फौजदाराकडं बघितलं नाही. तो फाडीच्या दिशेनं आला, बसलेल्या माणसांच्या मधून वाट काढत. कुणी त्याला वाट दिली नाही आणि कुणी अडवलंही नाही, त्याला माणसांना वळसा घालत यावं लागलं. फाडीखाली येऊन तो हळू, घरातल्या आवाजात म्हणाला, "पुष्पा, खाली उतर. गाडीत जाऊन बस. तुला कळतंय का तू काय केलंस?"

तिला कळत होतं. मंत्रिपद गेलं, कदाचित आमदारकीही गेली, खाणीला कुलूप लागेल, माळ उपाशी राहील. सावेडीचा बंगला काय व्हायचा तो होईल. तो म्हणाला होता त्यातलं सगळंच खोटं नव्हतं. पण एक नाव राहिलं होतं. तिनं त्याच्या डोक्यावरून खाणीच्या तळाकडं बघितलं, जिथून पूर्वी ते उत्तर यायचं, आणि भरल्या माळावर, सगळ्यांच्या देखत, नवऱ्याचं नाव घेतलं.

"गहिनीनाऽऽथ!"

तो वर बघत राहिला. त्याचे ओठ हलले. क्षणभर तिला वाटलं, देतो. देऊन टाकतो आणि बसतो खाली, धुळीत, पटका सुटलेल्या त्या पोरासारखा. फक्त ओ द्यायची होती आणि बाकीच्यांबरोबर बसायचं होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं तिनं.

"गहिनीनाऽऽथ!"

"अगं, लोक बघतायत," तो म्हणाला. खिशात फोन वाजला. त्यानं तो काढला, नाव बघितलं, कानाला लावला नाही, पण ठेवलाही नाही.

"गहिनीनाऽऽथ!" ह्या खेपेला तिचा आवाज फाटला, आणि रडू आलं ते रागानं आलं.

फोन वाजत राहिला. मग थांबला. बसलेल्यांतून बनुबाईनं मान वर केली.

"तीन झाल्या, पुष्पे," ती म्हणाली. "ये आता. बस खाली."

पुष्पावतीनं डोक्यावरून पदर घेतला, फाडीवरून सावकाश उतरली, आणि अनवाणीच जाऊन सुकन्याच्या शेजारी बसली.